मरियम, मारिया, मेरी, मिर्याम : कोकण किनाऱ्यावरच्या एका नावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलीचं नाव ठरवताना, दाखल्यावरची चूक निस्तरताना किंवा पणजीचं नाव जुन्या वहीत शोधताना जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. ज्यांना फक्त कागदपत्रांचं पाहायचं आहे, त्यांनी सरळ ‘देवनागरीत कसं लिहायचं?’ या प्रश्नावर जावं.

ही चारही नावं खरंच एकच आहेत का?

हो. हिब्रूतलं मिर्याम, अरबीतलं मर्यम (आपल्याकडे मरियम), ग्रीक-लॅटिन-पोर्तुगीजमधलं मारिया आणि इंग्रजीतलं मेरी ही एकाच नावाची रूपं आहेत. फ्रेंचांचं मारी, तुर्कांचं मेर्येम, वेल्श लोकांचं माइर, बास्क लोकांचं मिरेन आणि केरळातली मरियम्मा ही त्याच गोतावळ्यातली. मिर्यामचं मारिया होताना शेवटचा ‘म’ गळला, कारण ग्रीक आणि लॅटिनमध्ये बाईचं नाव ‘आ’ने संपलेलं बरं पडतं, विभक्तीचे प्रत्यय नीट लागतात. लॅटिनमध्ये तर मारियुस या जुन्या रोमन कुळनावाचं स्त्रीरूप आधीपासूनच मारिया असं होतं. ती दोन नावं योगायोगाने एकाच सोंगात आली.

मग मूळ उच्चार कोणता, ‘मिर्याम’ की ‘मर्याम’?

हिब्रू बायबलमध्ये आज मिर्याम असंच वाचतात. पण हिब्रू लिपीत पूर्वी स्वर लिहीत नसत. स्वरखुणा साधारण इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत ठरल्या. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वीच्या शतकांत, ग्रीक भाषांतर झालं होतं आणि त्यात हे नाव ‘मारियाम’ असं आहे. म्हणजे पहिला ‘म’ जुना आणि ‘मि’ नंतरचा, असं मानायला जागा आहे. कोकणातल्या मुसलमान घरातला ‘मरियम’ हा उच्चार अपभ्रंश आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला हे सांगावं. अरबीत ‘र’ आणि ‘य’ जोडून म्हणतात, आपण मध्ये ‘इ’ घालतो, एवढाच फरक.

या नावाचा अर्थ काय?

ठरलेला एक अर्थ नाही. नावांच्या संकेतस्थळांवर ‘समुद्राचा तारा’, ‘कडू’, ‘बंडखोर’, ‘प्रिय’, ‘हवीहवीशी’ असे पाच-सहा अर्थ एका ओळीत दिलेले असतात, जणू सगळे सारखेच खरे. ते तसे नाहीत.

‘कडू’ आणि ‘बंड’ हे अर्थ हिब्रू शब्दांशी जुळवून काढलेले आहेत. मार म्हणजे कडू, मेरी म्हणजे बंड. हे जुनं स्पष्टीकरण आहे, पण नावाचा पूर्ण आकार त्यातून उलगडत नाही. ‘प्रिय’ हा अर्थ इजिप्तच्या प्राचीन भाषेतल्या ‘मर’ म्हणजे प्रेम करणे या धातूवरून येतो. बायबलमधली पहिली मिर्याम ही यहुद्यांचा पुढारी मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांची बहीण, आणि त्यांचं कुटुंब इजिप्तमधलं. खुद्द मोशेचं नावही इजिप्शियन मानतात. त्यामुळे हे मत अनेक अभ्यासकांना पटतं. आमचाही कल तिकडेच आहे.

‘समुद्राचा तारा’ या अर्थाची कहाणी मजेशीर आहे. चौथ्या-पाचव्या शतकात बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमने नावाची फोड ‘समुद्राचा थेंब’ अशी केली होती. लॅटिनमध्ये थेंब म्हणजे स्तिल्ला आणि तारा म्हणजे स्तेल्ला. नक्कल करताना कुठेतरी एक स्वर बदलला आणि थेंबाचा तारा झाला, असं सर्वसाधारण मत आहे. पुढे दर्यावर्दी लोकांनी तो तारा उचलून धरला, तो आजतागायत. उत्तन किंवा पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळीवाड्यात मारिया आणि समुद्र यांचं नातं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. अर्थ व्युत्पत्तीने लंगडा असला तरी भक्तीने पक्का झालेला आहे. बारशाच्या पत्रिकेवर तो छापायला हरकत नाही. फक्त ‘हिब्रूत असा अर्थ आहे’ असं लिहू नका.

मरीआईशी काही संबंध?

काहीही नाही. मरीआईतली ‘मरी’ म्हणजे साथ, पटकी. तो शब्द मृ धातूचा, मरणाशी जोडलेला. दक्षिणेतली मारीअम्मन हीसुद्धा वेगळी देवी. तमिळमध्ये मारी म्हणजे पाऊस, आणि देवीच्या रोगाशीही ती जोडलेली आहे. मात्र ध्वनी सारखा असल्यामुळे एक व्यावहारिक अडचण येते. ती पुढे कागदपत्रांत सांगितली आहे.

कोकणात हे नाव कोणकोणत्या घरांत आढळतं?

चार समाज सांगता येतील, आणि चौघांकडे ते वेगळ्या वाटेने आलं.

रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, हे त्यातले जुने. त्यांच्या परंपरेप्रमाणे जहाज फुटून वाचलेली सात जोडपी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावंही नवगावकर, किहीमकर, पेणकर अशी गावावरून पडलेली. पूर्वी पुरुषांची नावंसुद्धा मराठी वळणाची होती : शमुवेलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, मोशेचा मुसाजी. बायका बहुधा मराठी नावांनीच ओळखल्या जात. मिर्याम, रिबका, सारा अशी बायबलमधली नावं मुलींना सर्रास ठेवायची पद्धत नंतर वाढली. समाजातले बहुतेक लोक १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला गेले, तरी अलिबागच्या इस्राएल आळीत आणि रेवदंड्याच्या प्रार्थनास्थळाशी जोडलेल्या घरांत हे नाव अजून ओळखीचं आहे.

कोकणी मुसलमानांकडे मरियम येतं ते कुराणातून. कुराणात नावाने उल्लेख झालेली ही एकच स्त्री. एकोणिसाव्या सूरेचं म्हणजे अध्यायाचं नावच मरियम, आणि तिच्यात ९८ आयती आहेत. हजरत ईसांचा उल्लेखही बहुतेक ठिकाणी ‘मरियमचा मुलगा’ असाच येतो. गरोदरपणात ही सूरा वाचण्याची रीत बऱ्याच घरांत आहे, त्यामुळे मुलगी झाली की नाव जवळजवळ ठरलेलंच असतं. नाव सहसा सातव्या दिवशी अकीक्याला ठेवतात. मुलीसाठी एक बकरा, जावळ काढून केसांच्या वजनाइतकी चांदी दान. जुन्या पिढीत मागे ‘बी’ लागायचं : मरियमबी.

कॅथलिकांकडे नाव आलं पोर्तुगिजांबरोबर. वसई, चौल-रेवदंडा आणि गोवा ही त्याची तीन दारं. वसई-उत्तन पट्ट्यात प्रार्थनेत मरियामाता किंवा पवित्र मरिया, तर व्यवहारात मेरी किंवा मारिया. सिंधुदुर्गात कोकणी बोलणारी घरं ‘नमान मोरिये’ म्हणतात आणि मातेला सायबीण म्हणतात. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात पोर्तुगीज वळणाची स्वतंत्र बोली आजही बोलतात आणि तिथलं चर्चही माउंट कार्मेलच्या मातेचं आहे.

चौथे मराठी प्रोटेस्टंट. त्यांच्याकडे नाव मिशनऱ्यांच्या इंग्रजीतून आलं म्हणून बहुधा मेरी, आणि मराठी बायबलमधून घेतलं तर मरीया. मराठी बायबलमध्ये मोशेच्या बहिणीला मिर्याम आणि येशूच्या आईला मरीया असं वेगळं लिहितात, त्यामुळे ही दोन नावं वेगळी आहेत असा अनेकांचा समज होतो.

मुसलमान मुलीचं नाव मारिया असू शकतं का?

असू शकतं, आणि ते ख्रिस्ती नावाची नक्कल नाही. पैगंबरांच्या घरातल्या मारिया किब्तिया या इजिप्तच्या. पैगंबरांचे पुत्र इब्राहीम यांच्या त्या आई. त्या परंपरेतून हे नाव येतं. अरबीत मरियम आणि मारिया यांची अक्षरं वेगळी आहेत, म्हणून एकाच घरात एक बहीण मरियम आणि दुसरी मारिया असेल, तर त्यात काही चुकलेलं नाही.

कार्मेलिन, लुर्डिन, मिलाग्रिन, फातिमा हीसुद्धा मारियाचीच नावं?

हो. हा प्रश्न जेवढा विचारला जातो, त्यापेक्षा जास्त विचारला जायला हवा. पोर्तुगीज-स्पॅनिश कॅथलिक परंपरेत मुलीला नुसतं मारिया न ठेवता मातेच्या एखाद्या रूपासह ठेवतात. मारिया दा कॉन्सेसांव, मारिया दा पिएदाद, मारिया दोस रेमेदियोस. रोजच्या तोंडी पहिला भाग गळतो आणि मागचा उरतो. रेमेदियोस म्हणजे इलाज. वसईतलं रमेदी हे ठिकाण त्याच मातेच्या चर्चवरून ओळखलं जातं. मिलाग्रिस म्हणजे चमत्कार. सावंतवाडीचं मिलाग्रिस चर्च आणि त्याच नावाची शाळा सगळ्यांना ठाऊक आहे.

बऱ्याचदा मुलीच्या जन्मतारखेच्या आसपास जो सण असेल, तेच नाव ठेवतात. ११ फेब्रुवारीला लुर्डची माता (फ्रान्समधल्या लुर्ड गावातले दर्शनप्रसंग १८५८ सालचे), १३ मेला फातिमाची माता, १६ जुलैला कार्मेल, १५ ऑगस्टला असुन्सांव म्हणजे स्वर्गारोहण, ८ सप्टेंबरला मातेचा जन्मदिन, १५ सप्टेंबरला दोलोरेस म्हणजे दुःखी माता, ७ ऑक्टोबरला रोझरी आणि ८ डिसेंबरला कॉन्सेसांव. बांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते, ती याच जन्मदिनाची. पणजीचं नाव कार्मेलिन असेल आणि जन्मतारीख हरवली असेल, तर जुलैपासून शोधायला सुरुवात करा. खात्री नाही देता येत, पण पुष्कळदा लागते.

फातिमा या नावावर जरा थांबायला हवं. फातिमा हे पोर्तुगालमधलं गाव आहे, तिथे १९१७ साली तीन मुलांना मातेचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे. गावाचं नाव मात्र अरबी, पैगंबरांच्या मुलीच्या नावासारखंच. म्हणून कोकणात फातिमा नावाची बाई मुसलमान असेल असं गृहीत धरून फॉर्मवर धर्माचा रकाना भरू नये. ही चूक शाळेच्या रजिस्टरात होते आणि मग वर्षानुवर्षं मागे लागते.

मायरा, मिया, मीरा, मिराया ही याच घराण्यातली आहेत का?

मिया आहे. ते उत्तर युरोपात मारियाचं लाडकं रूप म्हणून सुरू झालं. मायराबद्दल ठाम सांगता येत नाही. ते सतराव्या शतकातल्या इंग्रजी कवितेतून रुळलं, आणि मेरीची अक्षरं उलटसुलट करून केलं असावं असा एक तर्क आहे. मीरा आपलीच, तिचा मरियमशी संबंध नाही. स्लाव्ह भाषांतलं मिरा तिसरंच, तिथे मीर म्हणजे शांती. मिराया वगैरे अलीकडे आवाज गोड लागतो म्हणून जुळवलेली नावं आहेत. ठेवा खुशाल, पण अर्थ शोधत बसू नका.

मॉली, पॉली, मॉरीन, मॉइरा, मॅरियन, मारिएता, माशा ही मात्र खरोखर मेरी-मारियाची. माशा हे रशियन घरातलं लाडाचं नाव आहे, दाखल्यावर मारियाच असतं.

जगात हे नाव किती चालतं? आता कमी झालं आहे का?

येशूच्या काळात पॅलेस्टाइनमध्ये हे नाव फारच साधं होतं. त्या काळच्या यहुदी स्त्रियांच्या उपलब्ध नोंदींत मरियम आणि सलोमे ही दोन नावं सगळ्यांत जास्त येतात. शुभवर्तमानांत इतक्या मरीया का भेटतात, याचं उत्तर यातच आहे : येशूची आई, मग्दालीया, बेथानीची मरीया, याकोबाची आई.

अमेरिकेत नावांची सरकारी आकडेवारी १८८० पासूनची मिळते. तेव्हापासून १९४६ पर्यंत दरवर्षी मुलींच्या नावांत मेरी पहिली. १९४७ ला लिंडाने तिला खाली ढकललं. १९५३ ते १९६१ मेरी पुन्हा वर, आणि १९६२ ला लिसा पहिली झाली, त्यानंतर मेरी काही वर आली नाही. आज मेरी तिथे पहिल्या शंभरातही नाही. इंग्लंड-वेल्समध्ये गंमत अशी की मेरी पहिल्या शंभरातून बाहेर पडली आणि मरियम आत आली. पोर्तुगालमध्ये मारिया अलीकडच्या वर्षांत पुन्हा अव्वल आहे. स्पेनमध्ये एकूण बायकांत मारिया देल कार्मेन हे सर्वाधिक आढळणारं नाव.

आपल्याकडे नावांची अशी वर्षवार यादी प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे ‘कोकणात अमुक टक्के’ असं कोणी लिहिलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

काही ठिकाणी हे नाव ठेवायला लोक कचरत, हे खरं का?

खरं आहे. पोलंडमध्ये बराच काळ मारिया हे नाव मातेसाठी राखीव मानलं गेलं, मुलींना मारियाना किंवा मारिना ठेवत. आयरिश भाषेत मातेला मुइरे म्हणतात आणि माणसांना मोइरे. मुघल दरबारात उलटं, तिथे मरियम हा किताब होता. अकबराची आई हमीदाबानू मरियम मकानी आणि त्याची राणी मरियम-उज-जमानी. या राणीचं रहीमी नावाचं मोठं जहाज १६१३ साली पोर्तुगिजांनी पकडलं, त्यावरून मोठा तंटा झाला होता. पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासात हे नाव असंही येऊन गेलं.

पुरुषाच्या नावात मारिया कसं?

कॅथलिक परंपरेत मातेच्या आधारासाठी मुलाच्या नावामागे मारिया जोडतात. जुझे मारिया हा पुरुष, मारिया जुझे ही बाई. पहिलं नाव लिंग ठरवतं. इथिओपियातही हायले मरियम, गेब्रे मरियम ही पुरुषांची नावं आहेत. फॉर्म भरणारा मारिया पाहून ‘स्त्री’वर खूण करतो, तेव्हा जुझे मारिया असलेल्यांनी पावती हातात घेतल्या घेतल्या लिंगाचा रकाना वाचावा. आधारमध्ये लिंगाची दुरुस्ती साधारणपणे एकदाच होते.

‘मरियमचं फूल’ म्हणजे काय?

दोन वेगळ्या गोष्टींना हे म्हणतात. फारसीत गुल-ए-मरियम म्हणजे आपला निशिगंध, बाजारातली गुलछडी.

दुसरी, हजहून येणारे आणतात ती मरियम बूटी. वाळवंटातलं छोटं झुडूप. वाळलं की फांद्या आत वळून मूठ आवळल्यासारखा तपकिरी गोळा होतो. कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवला की काही तासांत मूठ सुटते आणि फांद्या बाहेर पसरतात. झाड जिवंत होतं असं वाटतं, पण ते मेलेलंच असतं. वाळलेल्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि एका बाजूने जास्त फुगल्यामुळे फांदी सरळ होते. पाण्याबाहेर काढून वाळवलं की पुन्हा मूठ. कळा सुरू झाल्या की ही बूटी पाण्यात घालून बाळंतिणीच्या जवळ ठेवायची रीत आहे. ठेवायला काही नाही. पण ते पाणी पाजायचा आग्रह होतो, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय मानू नये. गर्भारपणात तर अजिबात नाही.

देवनागरीत कसं लिहायचं?

मुसलमान घरात मरियम, बेने इस्राएल घरात मिर्याम (किंवा मिरियम), कॅथलिक घरात मारिया किंवा मरिया, इंग्रजी नाव असेल तर मेरी. मॅरी असं लिहिणं उच्चाराला जवळचं आहे, पण मराठीत मेरी रुळलं आहे आणि टंकलेखनात ॅ हे चिन्ह हटकून गळतं, मग मरी उरतं.

हीच ती अडचण. इंग्रजीतल्या ‘ए’ या अक्षराचा अ, आ, ए, ॅ असा काहीही उच्चार होऊ शकतो. त्यामुळे इंग्रजी नावावरून यंत्राने देवनागरी करताना मेरीचं ‘मरी’ किंवा ‘मार्य’ होतं, मारियाचं ‘मरिया’, मरियमचं ‘मारियाम’. मतदार यादीत आणि रेशन कार्डावर असले प्रकार दिसतात ते यामुळेच. आणि मुलीच्या शाळेच्या हजेरीपटावर ‘मरी’ चढलं, तर पोरं तिला काय म्हणून चिडवतील ते सांगायला नको. उपाय एकच : फॉर्मवर दोन्ही लिपींतलं नाव स्वतः लिहून द्या. देवनागरीचा रकाना ‘आपोआप येईल’ म्हणून सोडू नका.

इंग्रजी स्पेलिंग कोणतं बरं?

मरियमचीच चार-पाच प्रचलित आहेत : शेवट ‘आर-वाय-ए-एम’, ‘आर-आय-ए-एम’, ‘आर-आय-वाय-ए-एम’, शिवाय सुरुवात ‘एम-ई’ने करणारेही आहेत. पहिलं अरबीच्या जवळचं आणि परदेशात सर्वांत ओळखीचं. तिसरं मराठी उच्चाराच्या जवळचं. आमचा सल्ला : नव्याने ठेवत असाल तर पहिलं घ्या. पण घरात आधीच कोणाच्या पासपोर्टवर दुसरं असेल आणि मुलीला आजीचं नाव ठेवत असाल, तरी स्पेलिंग जुळवायची गरज नाही. जुळायला हवं ते तिच्या स्वतःच्या कागदांत.

जन्मनोंदणीत नाव कसं आणि कधी घालायचं?

जन्माची नोंद २१ दिवसांत. रुग्णालयात जन्म झाला तर माहिती तेच पाठवतात. गावात निबंधक म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), शहरात नगरपरिषद किंवा महापालिकेचा आरोग्य विभाग. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा राहू द्या, ‘बेबी’ वगैरे काही घालू देऊ नका, कारण चढलेलं नाव काढणं कोरा रकाना भरण्यापेक्षा अवघड. कोऱ्या नोंदीत नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर क्रम असा : मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इथे मारिया जोडनावाची पंचाईत होते. ‘मारिया कार्मेलिन’ असं दोन शब्दांत लिहिलं तर पुढे कोणीतरी कार्मेलिन हे आईचं नाव समजतं. जोडनाव हवंच असेल तर मुलीच्या नावाच्या रकान्यात दोन्ही शब्द येतील आणि आईच्या रकान्यात आईचंच नाव येईल, हे सही करण्याआधी पाहा. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत येतो. दोन्ही ओळी अक्षर लावून वाचा.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. पूर्वी शाळेचा दाखला दाखवून वेळ मारून नेता येत असे, ते दिवस गेले.

चुकलंच तर?

लिहिण्यातली चूक असेल (मरियमचं मारियाम), तर निबंधकाकडे अर्ज, सोबत आईवडिलांचे पुरावे आणि रुग्णालयाचा कागद. निबंधक मूळ नोंद खोडत नाही, समासात दुरुस्ती करून सही-तारीख घालतो. मात्र ‘मेरी नको, आता मारिया हवं’ ही चूक नाही, तो बदल आहे, आणि त्यासाठी हा मार्ग चालत नाही. तिथे राज्य राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. अल्पवयीन मुलीसाठी पालक देतात. राजपत्राचा उपयोग पुढच्या कागदांना होतो, जन्माच्या नोंदीवर तो बदल आपोआप चढत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी जन्मदाखला, मग शाळेचं जनरल रजिस्टर, मग आधार, शेवटी पासपोर्ट. लोक उलट करतात, कारण आधार केंद्र जवळ असतं. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. दाखला पक्का व्हायच्या आधी एक संधी वाया गेली, तर लग्नानंतरच्या बदलाला अडचण येते. शाळेतली दुरुस्ती दहावीच्या परीक्षेचा अर्ज जायच्या आत उरका. बोर्डाचं प्रमाणपत्र एकदा छापलं गेलं की प्रकरण शाळेच्या हातात राहत नाही.

आखातात जायचं आहे. काही विशेष?

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. नुसतं ‘मरियमबी’ एवढंच नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून बंधनं घातली आहेत. ‘बी’ हे आडनावाच्या रकान्यात टाकणं हा तोडगा नव्हे, मग प्रत्येक कागदावर श्रीमती बी होते. गावावरून पडलेलं आडनाव असतंच, ते घाला. आणि अरबी कागदावर मेरी, मारिया व मरियम तीन वेगळ्या प्रकारे लिहिली जातात, म्हणून भाषांतर करून घेताना पासपोर्टवर जे आहे त्याचंच करून घ्या, ‘अर्थ एकच’ म्हणून मरियम लिहू देऊ नका.

जुन्या नोंदींत पणजीचं नाव सापडत नाही. कुठे पाहायचं?

कॅथलिक असाल तर चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत. तारीख, मुलाचं नाव, आईवडील, धर्ममाता-धर्मपिता असा मजकूर असतो. धर्मगुरूंकडे अर्ज करताना गाव, वाडी, आईवडिलांची नावं आणि वर्षाचा अंदाज द्या, नुसतं ‘मारिया’ सांगितलं तर एका वर्षाच्या वहीत ढीगभर निघतील. नोंद लॅटिनमध्ये असेल तर एक फसगत ठरलेली : ‘बाप्तिझावी मारियाम’ असं वाचून लोक समजतात की पणजी मूळची मरियम, म्हणजे धर्मांतरित मुसलमान. तसं नाही. लॅटिनमध्ये ‘मारियाला बाप्तिस्मा दिला’ म्हणताना द्वितीयेत मारियाचं मारियाम होतं. आईचं नाव ‘मारिये’ दिसलं तर ती षष्ठी, ‘मारियाची’.

इतरांनी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक मागावं. फार जुनी बुकं मोडीत असतात, वाचणारा सोबत न्यावा. आणि नाव शोधायला जाऊ नका, बापाचं नाव शोधा. कारण बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, जात आणि पुढे ‘मुलगी’ एवढंच असतं, मुलीचं नाव लिहिलेलंच नसतं. बायकांचं नाव आलंच तर नवऱ्याच्या नावाआधी ‘कोम’ लावून येतं. मरियमबी कोम अमुक म्हणजे अमुकची बायको मरियमबी. तिचं जन्मगाव हवं असेल तर मग निकाहनामा किंवा काझींची वही शोधावी लागते.